टाकीच्या तोंडाशी उच्चारलेला नकार

रविवारी सकाळी सोसायटीच्या एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, पंप बंद पडतो. दुपारपर्यंत तळघरातल्या पार्किंगमध्ये वास भरतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रारी सुरू होतात आणि खजिनदार ठेकेदाराला फोन लावतात. तासाभरात दुचाकीवरून दोन तरुण येतात. बरोबर दोरी, बादली आणि फावडं. वॉचमन लोखंडी झाकण सरकवतो. ठाणे-नवी मुंबई परिसरात घोडबंदर रोड, ढोकाळी, घणसोली, खारघर, जिथे जिथे मोठी संकुलं उभी राहिली तिथे हे दृश्य नवं नाही.

त्या दोघांपैकी एकाने आत डोकावून म्हटलं, ‘गॅसचं मीटर आणा, मग बघू,’ तर पुढे काय होतं? त्या दिवशी बहुधा एवढंच होतं की त्याची मजुरी बुडते आणि ठेकेदार दुसरा माणूस शोधतो. तरीही नागरी हक्क पुढे सरकतात ते अशाच वाक्यांवर. पण वाक्य बोलून भागत नाही. ते कुठेतरी लिहिलं जावं लागतं, कुणीतरी साक्षीला उभं राहावं लागतं आणि बोलणाऱ्याचं नुकसान दुसऱ्या कुणीतरी थोडंफार उचलावं लागतं. हे कसं घडवायचं, ते या लेखात टप्प्याटप्प्याने मांडलं आहे.

टाकीत नेमकं काय असतं

सांडपाणी साचलं, त्यातला प्राणवायू संपला की कुजण्याची क्रिया हवेविना चालू राहते आणि तिच्यातून प्रामुख्याने हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे दोन वायू तयार होतात. मिथेन हवेपेक्षा हलका असतो. तो प्राणवायूची जागा घेतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के असलं की एका ठिणगीने स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा थोडा जड असतो आणि तळाशी साचतो. सडक्या अंड्यासारखा वास याचाच. जीव बहुतेक वेळा तोच घेतो.

या वायूबद्दलचा सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे ‘वास गेला, आता उतरायला हरकत नाही’. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की काही मिनिटांत नाकाची जाणीवच बधिर होते. वास येईनासा होतो, कारण वास घेणारी यंत्रणा थांबलेली असते. ५०० पीपीएमच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो आणि ७०० ते १,००० पीपीएमला एक-दोन श्वासांत. ‘गॅस लागला’ असं आपण म्हणतो तेव्हा ओरडायलाही वेळ मिळालेला नसतो.

दुसरी गोष्ट अनुभवी मुकादमांनाही चकवते. झाकण उघडून तासभर ठेवलं, मीटर लावलं, आकडा ठीक दिसला, म्हणून माणूस उतरला आणि गाळात फावडं घातलं. गाळाच्या थरात अडकलेला वायू त्याच क्षणी मोकळा होतो. म्हणून वरून एकदा मोजून उपयोग नाही. मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजावं लागतं, प्रत्येक पातळीवर दोन-तीन मिनिटं थांबून. काम चालू असताना ते आतल्या माणसाच्या छातीशी चालूच राहायला हवं. मीटर चार गोष्टी दाखवणारं असावं: प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की आत जायचं नाही. मीटर नेहमी टाकीपासून लांब, मोकळ्या हवेत सुरू करावं. काही मीटर सुरू होताना आजूबाजूची हवाच ‘शुद्ध’ धरतात, आणि ते टाकीच्या तोंडाशी सुरू केलं तर सगळे आकडे खोटे येतात.

तोंडाला बांधलेला रुमाल, कोविडच्या काळातले मास्क किंवा रंगकामाचे मास्क यांतला एकही वायू थांबवत नाही. डबीवाला मास्कसुद्धा फक्त हवा गाळतो, प्राणवायू देत नाही. बाहेरून नळीने हवा पुरवणारा मुखवटा किंवा पाठीवरचा हवेचा सिलिंडर, एवढीच साधनं इथे खरी. हवा खेळती ठेवायला ब्लोअर लावला तर तो चालवणारा पेट्रोलचा जनरेटर टाकीपासून लांब, वारा टाकीकडून ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला ठेवायचा. तोंडाशी ठेवला तर त्याचाच धूर ब्लोअर आत ढकलतो.

हे सगळं इतकं तपशिलात सांगायचं कारण आहे. ‘मी घाबरत नाही’ असं म्हणत उतरणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं आणि ‘मी उतरत नाही’ म्हणणाऱ्याला कामचुकार ठरवलं जातं. वायूचे आकडे समोर ठेवले की कळतं, यात धीट कोण होता.

कायदा काय म्हणतो

संविधानाचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट झाल्याचं जाहीर करतो. पण गटारात उतरणारी माणसं बहुतेक करून त्याच जातींतून येतात, ज्यांच्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं. मैला हाताने उचलण्यावर पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. २६ जानेवारी १९९७ रोजी तो ज्या मोजक्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. त्याचा रोख मुख्यतः कोरड्या शौचालयांवर होता. गटार आणि सेप्टिक टाकी कायद्याच्या कक्षेत ठळकपणे आली ती २०१३ च्या कायद्याने. त्याचं नाव लांबलचक आहे: हाताने मैला उचलणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३. तो ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

त्याचं कलम ७ कुणाही व्यक्तीला, स्थानिक प्राधिकरणाला किंवा संस्थेला गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ कामाला लावण्यास मनाई करतं. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द सोसायटीच्या कमिटीने दोनदा वाचावा. ‘आम्ही तर ठेकेदाराला काम दिलं, माणूस त्याने उतरवला’ या सबबीला तो जागा ठेवत नाही. कलम ९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. कलम २२ नुसार हे गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र आहेत. शिक्षा काम करवून घेणाऱ्याला आहे, उतरणाऱ्याला नाही. हे कामगाराला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, कारण ‘पोलीस आले तर तुलाच धरतील’ ही धमकी त्यालाच दिली जाते.

‘आमची एसटीपी आहे, सेप्टिक टाकी नाही,’ हा बचावही ऐकायला मिळतो. कायद्यातली व्याख्या साधी आहे: मानवी विष्ठा साठवून जंतूंच्या क्रियेने तिचं विघटन होऊ देणारी, सहसा जमिनीखाली असलेली, पाणी न झिरपणारी टाकी. एसटीपीच्या पहिल्या, म्हणजे सांडपाणी जमा होणाऱ्या टाकीला आणि गाळाच्या टाकीला हे वर्णन लागू पडतं, असं आमचं मत आहे. मे २०१९ मध्ये ढोकाळीतल्या एका संकुलात तीन कामगार गेले ते सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीतच.

याच कायद्याखालचे २०१३ चे नियम त्याहून कामाचे आहेत. नियम ३ सांगतो की माणसाने आत उतरून सफाई करायचीच नाही. अपवाद मोजके आहेत: यंत्र चालवता येत नाही अशा जागी चेंबरचं तुटलेलं झाकण काढणं, ३०० मिलीमीटरहून मोठ्या नव्या वाहिनीची जुनीशी जोडणी, तळाशी बसवलेला पंप काढणं, चेंबरची पुनर्बांधणी. याशिवाय अगदी अपरिहार्य असेल तर स्थानिक प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्याने, म्हणजे महापालिकेत आयुक्तांनी, कारणं नोंदवून लेखी परवानगी दिल्यावरच. अपवादातही ४४ प्रकारची साधनं, कामगाराचा किमान दहा लाखांचा जीवनविमा, आणि सलग ९० मिनिटांहून जास्त काम नाही, मग ३० मिनिटं विश्रांती, असे नियम आहेत. म्हणून टाकीच्या तोंडाशी विचारायला एकच प्रश्न पुरतो: ‘आयुक्तांची लेखी परवानगी कुठे आहे?’ रविवारी दुपारी बोलावलेल्या ठेकेदाराकडे ती नसते.

पाण्याच्या ओंजळीपासून निकालापर्यंत

कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला, हे खरं नाही. महाडचा घटनाक्रम तारखांसह पाहिला की हे स्पष्ट दिसतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद झाला, पण तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागे लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच दिवशी त्यांना मारहाण झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सनातनी मंडळींनी तळं खासगी असल्याचा दावा लावून मनाई हुकूम आणला. त्या वर्षाअखेर हिशेब केला असता तर सगळं उलटंच गेलं असं वाटलं असतं.

पण दावा लावणाऱ्यांवर आता एक जबाबदारी येऊन पडली होती. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध करण्याची. ते त्यांना जमलं नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. प्यायलेल्या पाण्याची नोंद झाली, नोंदीतून वाद न्यायालयात गेला आणि रूढीला पहिल्यांदा पुरावा द्यावा लागला. दहा वर्षं लागली.

गटारांच्या बाबतीत हीच साखळी दिसते. १९९३ चा कायदा कागदावर पडून असताना सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. या आंदोलनाचे बेझवाडा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्याराज्यांतून पुरावे गोळा केले, कारण अनेक राज्यांचं शपथेवर म्हणणं होतं की आमच्याकडे ही प्रथाच नाही. त्या काळात एखाद्या स्त्रीने शौचालयाजवळ उभं राहून ‘हो, हे काम मी करते’ असं फोटोसह नोंदवू देणं, हे किती अवघड असेल याचा विचार करावा. याचिका चालू असतानाच नवा कायदा आला. २७ मार्च २०१४ च्या निकालाने १९९३ पासूनच्या प्रत्येक गटार-मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ च्या दुसऱ्या निकालाने ती तीस लाखांवर नेली. कायमचं अपंगत्व आल्यास किमान वीस लाख, इतर अपंगत्वास किमान दहा लाख.

मधला एक टप्पा आपल्या जवळचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या तिन्ही पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. काम खासगी होतं, माणूस खासगी ठेकेदाराचा होता, तरीही. आज ठाण्यातली एखादी बाई याच प्रश्नासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात जाते तेव्हा ‘हे खासगी प्रकरण आहे’ या उत्तरापुढे तिला गप्प बसावं लागत नाही. आधीच्या तिघींनी सोसलेल्या दोन वर्षांमुळे तिचा रस्ता तेवढा कमी खडतर झाला आहे. धाडसाने हक्क पुढे जातो, असं म्हणताना हेच अभिप्रेत असतं. पहिल्याला जी किंमत मोजावी लागते ती दुसऱ्यासाठी कमी होते, मात्र पहिल्याचा कागद शिल्लक राहिला पाहिजे.

कामगाराचा नकार टिकायला काय लागतं

एकट्याने ‘उतरत नाही’ म्हटलं की ठेकेदार पुढच्या माणसाकडे वळतो. म्हणून नकार शक्यतो दोघांनी मिळून द्यावा आणि तो अटीच्या रूपात असावा. ‘मी करणार नाही’ यापेक्षा ‘मीटर, हार्नेस आणि सक्शन गाडी आणा, काम करतो’ हे वाक्य जास्त टिकतं (हार्नेस म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, सक्शन गाडी म्हणजे गाळ ओढून घेणारी गाडी). यात काम टाळलेलं नाही, साधन मागितलेलं आहे, आणि पुढे कुणी विचारलं तर साधन न देणाऱ्याकडेच बोट जातं. बोलून झाल्यावर हेच ठेकेदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावं. लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेज चालतो. तारीख-वेळ आपोआप येते. फोन बदलताना हा मेसेज जाऊ नये म्हणून तो घरच्या कुणाला पुढे पाठवून ठेवावा.

खरी अडचण मजुरीची असते. दिवसाच्या मजुरीवर संध्याकाळचं घर चालणाऱ्या माणसाकडून फुकट धैर्याची अपेक्षा करणं योग्य नाही. म्हणून सोसायटीच्या लोकांनी करायचं पहिलं काम म्हणजे त्या दिवशी त्याला परत पाठवताना मजुरी देणं. तेवढी रक्कम एका कुटुंबाच्या महिन्याच्या मेन्टेनन्सपेक्षा फार नसते. मजुरी न देता केवळ ‘अरे दादा, उतरू नकोस’ म्हणून थांबवलं तर पुढच्या वेळी तो आपल्याला चुकवून मागच्या गेटने येईल, आणि त्याचं त्यात काही चुकणार नाही.

फोटो काढायचा असेल तर झाकण, साधनं, गाडीचा नंबर आणि ठेकेदार यांचा काढावा. कामगाराचा चेहरा घेऊ नये, आणि गटारात उभ्या माणसाचा व्हिडिओ ग्रुपवर फिरवू नये. पुराव्याच्या नावाखाली त्याचीच अप्रतिष्ठा होते.

गेटवरची वही

सगळ्यांत दुर्लक्षित पुरावा वॉचमनच्या हातात असतो. आत येणाऱ्याचं नाव, वेळ आणि ‘कामाचं कारण’ हे तीन रकाने. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘मेन्टेनन्स’ एवढंच लिहिलेलं असतं. वॉचमनने तिथे ‘एसटीपी टाकी सफाई, ठेकेदार अमुक, बोलावणारे सेक्रेटरी साहेब’ असं लिहिलं, तर पुढे काही झाल्यास माणूस कोणाच्या सांगण्यावरून आला हे नाकारता येत नाही. अनेक मृत्यूंच्या प्रकरणांत वाद नेमका इथेच अडतो. ठेकेदार म्हणतो हा आमचा माणूसच नाही, सोसायटी म्हणते आम्ही बोलावलाच नाही. गेटचं अ‍ॅप असेल तर त्यातली नोंदही चालते, पण अ‍ॅपची जुनी माहिती किती दिवस राहते ते विचारून ठेवावं आणि नोंदीचा फोटो लगेच घ्यावा.

हे लिहायला वॉचमनला धीर लागतो. त्याची नोकरीही एजन्सीमार्फत, तीही कच्ची. म्हणून कमिटीने आधीच लेखी सूचना काढून द्यावी की टाकीच्या कामाची पूर्ण नोंद झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मग तो ‘साहेब, ऑर्डर आहे’ एवढं म्हणू शकतो.

सर्वसाधारण सभेत

सहकारी सोसायटीची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. नोटीस चौदा दिवस आधी येते. ती आल्या आल्या सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन ‘एसटीपी व टाक्यांची सफाई: यंत्राद्वारेच करण्याचा ठराव’ हा विषय मांडायला सांगावा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून उठून बोललं तर वेळ संपल्याचं कारण मिळतं आणि इतिवृत्तात ओळही येत नाही.

ठराव भावनेवर मांडू नये, खर्चावर मांडावा. टाकीत उतरायची वेळ का येते? तीन कारणं सारखी दिसतात. पहिलं, सुरुवातीची जाळी रोज साफ होत नाही, त्यामुळे वेट वाइप, सॅनिटरी पॅड, कापडाचे तुकडे पंपात जातात. दुसरं, एकच पंप असतो, तो बंद पडला की सगळी टाकी तुंबते आणि घाई होते. तिसरं, पंप तळाशी बोल्टने बसवलेला असतो, तो काढायला माणूस उतरवावाच लागतो. यावर उपायही तीनच आहेत. जाळी रोज साफ करायची आणि वहीत सही करायची. एक चालू एक राखीव असे दोन पंप ठेवायचे. आणि पंप गाइड रेलवर बसवायचा, म्हणजे दोन उभ्या नळ्यांवरून तो साखळीने वर ओढून घेता येतो आणि खाली सोडला की आपोआप जागेवर बसतो. गाइड रेल एकदाच बसवायची असते. ती बसली की नियमांमधला ‘तळाचा पंप काढणं’ हा अपवाद तुमच्या इमारतीत लागूच होत नाही. गाळ वर्षातून किमान एकदा सक्शन गाडीने उपसायचा, तुंबण्याची वाट पाहायची नाही.

ठेकेदाराच्या करारात एक ओळ घालावी: ‘कोणत्याही परिस्थितीत कामगार टाकीत उतरणार नाही, उतरवल्यास करार त्याच क्षणी रद्द.’ ज्या ठेकेदाराकडे सक्शन आणि जेटिंगची (जोराच्या पाण्याने साफ करणारी) गाडी नाही त्याला काम देऊ नये. दर कमी असण्याचं कारण बहुधा हेच असतं.

सभेत कुणी विरोध केला, ‘आतापर्यंत कधी काही झालं नाही’ असं म्हटलं, तर आपलं मत नावासह इतिवृत्तात नोंदवायला सांगावं. पुढे दुर्घटना झाली तर ती ओळ पोलिसांसाठी पुरावा असेल. हे सौम्यपणे बोलून दाखवलं तरी सभेचा सूर बदलतो.

तक्रार कुठे करायची

माणूस उतरताना दिसला तर आधी थांबवायचं, मग फोन. धोकादायक सफाईच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४२० आहे. जिवाला धोका असेल तर ११२.

लेखी तक्रार देताना हद्द चुकते, विशेषतः नवी मुंबईत. बेलापूर ते ऐरोली-दिघा हा नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात, त्यामुळे तिथल्या रहिवाशाची तक्रार अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. पत्ता चुकीचा लिहिला की अर्ज इकडून तिकडे फिरतो आणि दिवस जातात. २०१३ च्या कायद्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर जबाबदारी टाकलेली आहे आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समितीची तरतूद आहे. अर्जावर दोन्हींचा उल्लेख करावा आणि शिक्का-तारखेसह पोच घ्यावी.

दिवसांचं महत्त्व आहे, कारण कलम १० प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार झाली नाही तर न्यायालय या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घेत नाही. अनेक प्रकरणं ‘आधी समजुतीने बघू’ म्हणण्यात हे तीन महिने घालवतात.

पोलीस ठाण्यात हद्दीचं कारण मिळालं तर झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द न पाहता तक्रार नोंदवण्याची, मागणी करावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. नोंदच घेतली नाही तर त्याच कलमाखाली मजकूर टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना पाठवता येतो, आणि तिथेही हालचाल झाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हाताने मैला सफाईला लावणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(j) खालीही गुन्हा आहे. हे कलम लावायला आपणहून सांगावं.

माहिती अधिकाराचा अर्ज हे शांतपणे काम करणारं साधन आहे. सोसायटीला तो कायदा लागत नाही, महापालिकेला लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. विचारायचं ते इतकंच: नियम ३ खाली गेल्या तीन वर्षांत आयुक्तांनी दिलेल्या लेखी परवानग्यांच्या प्रती द्या. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास पहिलं अपील, नंतर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. ‘एकही परवानगी दिलेली नाही’ असं उत्तर आलं, तर शहरात जिथे जिथे माणूस उतरला तिथे तो परवानगीशिवाय उतरला, हे महापालिकेनेच लिहून दिल्यासारखं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सफाईमित्र सुरक्षा स्पर्धेत नवी मुंबई आपल्या लोकसंख्या गटात अव्वल ठरली होती. सार्वजनिक वाहिन्यांसाठी यंत्रं येऊ शकतात हे त्यातून दिसलं. संकुलांच्या कुंपणाआत, खासगी ठेकेदाराच्या हाताखाली जे चालतं तिथे आता लक्ष हवं.

माणूस आत पडला तर

मागोमाग कुणीही उतरायचं नाही. एका टाकीत दोन-तीन माणसं जातात ती अशीच. पहिला कोसळतो, दुसरा त्याला ओढायला उतरतो, तिसरा दोघांना. भाऊ असतो, मित्र असतो, थांबवणं अवघड जातं. तरी त्याला धरून ठेवावं. अग्निशमन दलाला १०१ वर आणि रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करून ‘गॅस, बंद टाकी, माणूस बेशुद्ध’ हे शब्द सांगावेत, म्हणजे ते श्वसनयंत्रं घेऊन निघतात. ब्लोअर असेल तर स्वच्छ हवा आत सोडावी. सिगारेट, काडी, उघडी वायर लांब ठेवावी. कामगाराच्या अंगावर हार्नेस असेल आणि वर तिपाई-विंच असेल तर बाहेरूनच ओढता येतं. नुसत्या कमरेच्या दोरीने बेशुद्ध माणूस दोन फुटांच्या तोंडातून सरळ वर येत नाही, दुमडला जातो आणि अडकतो.

दुर्घटनेनंतर कुटुंबाने जपायच्या गोष्टी: एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, ठेकेदाराच्या फोनची कॉल-यादी, यूपीआयने आलेल्या मजुरीच्या नोंदी आणि गेटच्या वहीचा फोटो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ठेकेदाराकडून काही रक्कम आणि कोऱ्या कागदावर सही, असा प्रस्ताव येतो. रक्कम घ्यायची की नाही हा घरच्यांचा निर्णय, पण सही कोऱ्या कागदावर करायची नाही. मजकूर वाचून, प्रत ठेवून, आणि ‘कायदेशीर भरपाईचा हक्क राखून’ असं स्वतःच्या अक्षरात लिहूनच. शेजारच्या कुणी त्या वेळी बाजूला बसून तो कागद मोठ्याने वाचून दाखवला, तरी पुरेसं असतं.

टाकीच्या झाकणाजवळच्या भिंतीवर पिवळ्या रंगात चार ओळी रंगवून घ्याव्यात: या टाकीत माणसाने उतरू नये. सक्शन गाडीचा फोन क्रमांक. सेक्रेटरींचा फोन क्रमांक. तक्रारीसाठी १४४२०. झाकण काढायला वाकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतील, इतक्या खाली.